स्टॉर्डालच्या रिव्हॉल्व्हरची रास्त किंमत

३ मार्च

हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब उतरवायचा असेल तर लोकांवर ओरडणं बंद करा, जे वाटतं ते वहीत लिहा. बाई जेमतेम तिशीच्या. मी म्हटलं, बाई, आमच्या गावाबद्दल जे वाटतं ते लिहायचं तर एक वही पुरायची नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणून ही वही आणली. चार डॉलर घेतले आणि कागद असा की डाव्या हाताने लिहिताना शाई तळव्याला लागते आणि ओळीवर फरफटते.

बंदुकांच्या दुकानातली आजची गिऱ्हाइकं. पहिला आला तो फोन नाचवत. इंटरनेटवर अशाच रिव्हॉल्व्हरचे पाच हजार आहेत म्हणे. मी म्हटलं, "मागितलेत. मिळाले का?" मागायला काय जातं? मी या मोडक्या खुर्चीचे लाख मागतो, बसा वाट बघत. दुसऱ्याने आजोबांचं रिव्हॉल्व्हर विकायला आणायच्या आधी लोखंडी काथ्याने घासून काढलं होतं. छान दिसावं म्हणून. पोलादावरचं नव्वद वर्षांचं निळं पाणी, म्हणजे रंगाचा मूळ थर, एका दुपारी उतरवलं, सातशेची वस्तू तीनशेची केली, आणि वर माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने बघतोय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विकण्याआधी घासू नका, हे मी चाळीस वर्षं सांगतोय. ऐकत नाहीत.

त्याच्या रिव्हॉल्व्हरचा फोटो काढला आणि मागच्या भिंतीवर लावला. या भिंतीवर मी बिघडवलेल्या बंदुकांचे फोटो लावतो आणि खाली ज्याने बिघडवली त्याचं नाव लिहितो. गाव तिला कसायांची भिंत म्हणतं. सगळ्यात वर ऑर्व्हिल टिमन्स आहे. तो लोहार होता, फावल्या वेळात बंदुकांची हजामत करायचा. तो वारला तेव्हा त्याची बायको आली होती, नाव काढा म्हणून. मी म्हटलं, काम पूर्ववत करून आणा, नाव लगेच काढतो. तेव्हापासून बारा वर्षं ती मला बघून रस्ता ओलांडते. ओलांडू दे. काम वाईट होतं.

हॉबर्ट दिवसभर शेगडीपाशी बसून होता. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला दुसरं ठिकाण नाही. म्हणाला, "एल्डन, तुझ्या भिंतीवर जागा संपली तर छत आहे."

६ मार्च

वकीलबाई डोरीन पॅकर यांचं पत्र. सिग स्टॉर्डाल जानेवारीत गेला, शहाण्णव वर्षांचा होऊन. त्याच्या मृत्युपत्रात मी आहे. घरदार, गुरं, कुरण सगळ्याची वाटणी दोन मुलांत सरळ केलीय. त्याच्या बापाकडून आलेल्या रिव्हॉल्व्हरबद्दल मात्र वेगळं कलम. ते असं:

"दोघांपैकी ज्याला ते ठेवायचं असेल त्याने रास्त किमतीची अर्धी रक्कम दुसऱ्याला द्यावी. ते जमलं नाही तर विकून पैसे वाटून घ्यावेत. रास्त किंमत एल्डन ब्रेक्के सांगेल आणि त्याचा शब्द अखेरचा. त्याला या रिव्हॉल्व्हरची ओळख आहे."

मी त्याचं रिव्हॉल्व्हर आयुष्यात पाहिलेलं नाही. 'या जातीच्या रिव्हॉल्व्हरची' असं म्हणायचं असेल, वकिलाच्या कारकुनाने शब्द खाल्ला. तरी सिगचं नवल वाटलं. हा माणूस पन्नास वर्षांत माझ्या दुकानात एक स्क्रू न्यायला आला नाही. चर्चमध्ये भेटला की मान हलवायचा आणि हवेबद्दल बोलायचा. बंदूक दुरुस्तीला तीस मैलांवर न्यायचा, मला कळल्याशिवाय राहतंय थोडंच. शेवटी माणूस शहाणा झाला म्हणायचा. मरणाच्या दारात का होईना, जिल्ह्यात किंमत कोणाला कळते ते त्याला कळलं.

हॉबर्टला पत्र वाचून दाखवलं. दोनदा वाचून दाखवलं, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

९ मार्च

सिगची मुलगी व्हर्ना आली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शाळेत मागच्या वर्गात होती. नंतर त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं काढली आणि गेली अकरा वर्षं बापाला सांभाळलं. रिव्हॉल्व्हर भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं. दुसऱ्या हातात रुबार्बच्या आंबट देठांची पाई.

मी म्हटलं, "किंमत खाली यावी म्हणून पाई आणली असशील तर परत ने."

"किंमत तुझी तू कर. पाई हॉबर्टसाठी आहे."

हॉबर्टने ताबडतोब ती ताब्यात घेतली.

फडकं सोडलं आणि माझा रक्तदाब डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या आकड्यांच्या वर गेला. कोल्ट, पंचेचाळीस कॅलिबर, नंबरावरून १९०९ सालची. हात न लावलेली असती तर अशी वस्तू दहा वर्षांत एकदा समोर येते. आणि कोणा गाढवाने ती पॉलिशच्या चाकावर धरून आरसा केलीय. कारखान्यातून मधली चौकट येते तीच मुळी करड्या-निळ्या-तपकिरी लहरींची, पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखी. इथे नळीपासून चौकटीपर्यंत सगळं एकच काळंनिळं, चकाचक. कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल. नळीवरची अक्षरं अर्धी पुसलेली. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे.

"हे कोणी केलं?"

"फार जुनं आहे ते," व्हर्ना म्हणाली.

"जुनं आहे ते दिसतंय. कोणी केलं?"

ती मागच्या भिंतीकडे बघत होती. एकेक फोटो, एकेक नाव. "ही सगळी माणसं मेली का रे?"

"बरीचशी."

"आणि जिवंत आहेत ती?"

"ती गावाच्या त्या टोकाला राहतात आणि इकडे फिरकत नाहीत."

मग पुन्हा रिव्हॉल्व्हरकडे वळून म्हणाली, "इतकं वाईट आहे का? तरुण असेल बिचारा. कोणीतरी सांगितलं असेल त्याला, छान चमकव म्हणून."

"विहिरीत उडी मार म्हणून सांगितलं असतं तर मारली असती का?"

"त्या वयात बहुतेक मारली असती," असं म्हणून ती हसली. या बाईला कुठे हसावं ते कळत नाही.

जाताना मात्र सरळ बोलली. "एल्डन, मला ते ठेवायचंय. लाइल विकायला बसलाय, भाऊ असून. माझ्याकडे हजार डॉलर आहेत, त्याच्यावर काही नाही. त्यात त्याचा अर्धा वाटा बसला तर बसला."

मी म्हटलं, मी समोरच्याचा खिसा बघून किंमत करत नाही. ती म्हणाली, "माहीत आहे. बाबांनी त्याचसाठी तुझं नाव घातलं."

१० मार्च

सकाळी दुकान बंद ठेवून भिंगाखाली पाहिलं. राग आवरून पाहिलं, हे विशेष.

कसायाबद्दल थोडंफार कळतं. माणूस डावखुरा असावा. उजव्या बाजूच्या कडा डावीपेक्षा जास्त खाल्ल्या आहेत, चाक उलट्या बाजूने आलं की असं होतं. मला माहीत आहे, कारण मी जिथे काम शिकलो त्या गुनारकाकाच्या दुकानातलं चाक मलाही उलटं पडायचं. पहिलं वर्षभर काकाने मला त्याच्यापुढे उभं केलं होतं. दिवसाला तीन-तीन बंदुका, कोणाच्या होत्या देव जाणे. पण मी शिकलो. हा शिकला नाही.

मुठीच्या स्क्रूची खाच मात्र शाबूत आहे. पेचकस कधी घसरलेला नाही. कसायाला तेवढं एक येत होतं.

सगळ्यात संताप आला तो मुठीच्या पाठीवर. तिथे पोलादात काहीतरी कोरलेलं होतं, हाताने, खिळ्याबिळ्याने. प्रकाश तिरका पाडला की खळगा दिसतो, अक्षर लागत नाही. नाव असणार, दुसरं काय. या माणसाने कोणाचं तरी नाव चाकावर धरून पुसून टाकलं आणि त्याला पत्ताही नाही. असल्या माणसाला भिंत कमी पडेल.

मुठीच्या पट्ट्या काढल्या नाहीत. किंमत करणाऱ्याने मालकाच्या परवानगीशिवाय स्क्रूला हात लावू नये हा माझा नियम आहे. शिवाय आत बघायचं काय? कसाई कधी खूण ठेवत नाही. मी काकाकडे लागलो त्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक कामावर मुठीच्या पट्टीखाली ई. बी. आणि साल कोरत आलोय. वाईट काम करायचं नाही, म्हणून नाव घालायची भीती नाही.

१४ मार्च

व्हर्नाचा भाऊ लाइल याचा बिलिंग्ज शहरातून फोन. तिच्याहून दहा वर्षांनी धाकटा, शेतीच्या विम्याचं बघतो. बापाच्या आजारपणात वर्षातून दोनदा यायचा, थँक्सगिव्हिंगच्या सणाला आणि बैल विकायचे असले की. आवाजात साखर.

"ब्रेक्केसाहेब, मी थोडा अभ्यास केलाय. असल्या रिव्हॉल्व्हरला नऊ हजार येतात."

"अभ्यास कुठे केलात?"

"इंटरनेटवर."

"मग त्यालाच द्यायचं होतं मृत्युपत्रात."

"तुम्ही बघितलंय ना? नवंकोरं दिसतं. माझ्या आठवणीपासून तसंच आहे. लहानपणी मला त्याच्यात माझं तोंड दिसायचं."

मी म्हटलं, ज्यात तोंड दिसतं त्याला आरसा म्हणतात, तो दहा डॉलरला मिळतो. एकशे सोळा वर्षांची वस्तू नवीकोरी दिसली की शहाणा माणूस घाबरतो. उंटावरचा शहाणा असला की नऊ हजार मागतो. शेवटचं वाक्य मी बोललो की फक्त मनात आलं ते आठवत नाही. फोन त्यानेच ठेवला.

१५ मार्च

बर्फ. कोणी आलं नाही. पाईचा शेवटचा तुकडा हॉबर्टच्या आधी मी खाल्ला.

२२ मार्च

किंमत लिहून वकीलबाईंना दिली. एक हजार आठशे. कारणंही दिली, पानभर. मूळ पाणी असतं, नाव शाबूत असतं, तर झिजलेलं असतानाही सहा हजार डोळे मिटून सांगितले असते. चाकावर चढवल्यामुळे चार हजार दोनशे डॉलर वाऱ्यावर गेले. खाली लिहिलं, 'हे काम करणाऱ्याला बंदुकीच्या जवळ नव्हे, विळ्याकोयत्याच्या जवळही उभं करू नये.' वकीलबाई म्हणाल्या, हे वाक्य काढलं तर चालेल का. म्हटलं, चालणार नाही.

म्हणजे लाइलचा वाटा नऊशे. व्हर्नाच्या हजारात बसतो. माझा त्यात काही हात नाही. लाइलला फायद्याचं असतं तरी मी हेच लिहिलं असतं.

संध्याकाळी त्याचा फोन. आवाजातली साखर संपली होती.

"तिने पाई किती दिल्या तुम्हाला?"

"एक. त्यातली अर्धी हॉबर्टने खाल्ली."

"तुम्ही म्हणता ते चाकावर चढवलंय. मी म्हणतो ते पहिल्यापासून असंच आहे. पुरावा काय?"

मी सांगितलं, पुरावा मुठीच्या पट्ट्यांखाली आहे. चाक तिथे पोचत नाही, कारखान्याचं मूळ पाणी तिथे जिवंत राहतं. दोन्ही मालक समोर बसून हो म्हणाले तर उघडून दाखवतो. आतलं आणि बाहेरचं एकसारखं निघालं तर नऊ हजार लिहून देतो आणि दुकान बंद करतो.

"आणि मृत्युपत्रात काहीही असो, पुरावा नाही मिळाला तर मी कोर्टात जाणार," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी व्हर्नाच्या स्वयंपाकघरात ठरलं. तिला कळवलं. ती म्हणाली, "उघडायलाच हवं का? तू सांगितलंस तेवढं पुरे नाही?"

मी म्हटलं, घाबरतेस कशाला, पुरावा तुझ्याच बाजूचा आहे.

"मी माझ्यासाठी नाही म्हणत," ती म्हणाली. बायकांच्या बोलण्याला शेंडाबुडखा नसतो.

२९ मार्च

आज लिहीत नाही.

३० मार्च

चर्चला गेलो नाही. दुकानही उघडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत तर लिहितो.

काल टेबलाच्या एका बाजूला लाइल, दुसऱ्या बाजूला वकीलबाई. हॉबर्टला कोणी बोलावलं नव्हतं, पण गाडी त्याने चालवली आणि पाई होती. व्हर्ना ओट्याशी कॉफीचं भांडं घेऊन उभी. मी फडकं अंथरलं, माझा पेचकस काढला आणि आधी भाषण दिलं. म्हटलं, लाइल, नीट बघ, वाईट काम कसं ओळखायचं ते आज शिकून जा. हे करणारा माणूस अडाणी होता, घाईत होता, आणि आपण फार छान करतोय अशी त्याची समजूत होती. शेवटचं सगळ्यात वाईट. अडाण्याला शिकवता येतं, खुशीत असलेल्या अडाण्याला कोण शिकवणार.

हे मी सगळ्यांसमोर बोललो. मला शब्दन् शब्द आठवतो.

स्क्रू सुटला. डावी पट्टी काढली. आत दोन बोटं रुंद पट्ट्यात कारखान्याचं पाणी, मऊ, गडद, काल दिल्यासारखं. बाहेरचा चकचकाट त्याच्याशेजारी बूटपॉलिशसारखा दिसत होता. लाइलच्या हातात भिंग दिलं. तो बराच वेळ वाकून होता. मान वर केली आणि भिंग फडक्यावर ठेवलं.

काम झालं होतं. मी उजवी पट्टी काढली ती फक्त सवयीने.

ई. बी. ७१.

माझ्या ई ची मधली रेघ उजवीकडे खाली घसरते. डाव्या हातामुळे. या वहीतही घसरते.

एकोणीस वर्षांचा होतो. पुढचं आठवायला वेळ लागला नाही. काकाने पीठाच्या पिशवीतून एक गंजलेली कोल्ट काढून बाकावर ठेवली होती. म्हणाला होता, वाढदिवसाची भेट आहे, सोमवारपर्यंत पाहिजे, चेहरा दिसला पाहिजे. माझं एकट्याने केलेलं पहिलं काम. रविवारीसुद्धा चाकापुढे उभा होतो. इतका खूश होतो की घरी जेवताना आईला हात दाखवले होते, काळे झालेले.

पट्टी माझ्या हातात होती. परत बसवली असती तर कोणाला काही कळलं नसतं. लाइलचं तोंड बंद झालं होतं, वकीलबाई लिहीत होत्या, हॉबर्ट खात होता. व्हर्नाचं रिव्हॉल्व्हर व्हर्नाकडे राहिलं असतं. मी मनात म्हणालोही, हे तिच्यासाठीच बरं. खोटं होतं ते. माझ्यासाठी बरं होतं.

वर पाहिलं तर व्हर्ना माझ्याकडे बघत होती. रिव्हॉल्व्हरकडे नाही.

मी म्हटलं, "लाइल, कसाई सापडला. ई. बी., एकोणीसशे एकाहत्तर. म्हणजे मी."

हॉबर्ट चावायचा थांबला. चाळीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.

लाइल खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे सहा हजारांचं अठराशे तुम्ही केलंत."

"हो."

"आणि आता अठराशे म्हणून तुम्हीच सांगताय."

"हो."

"मग मी ते का मानू?"

मी पेचकस फडक्यावर ठेवला. 

व्हर्नाने भांडं खाली ठेवलं. "त्याला मी सांगितलं होतं. म्हणजे त्याच्या काकाला. मी सतरा वर्षांची होते. बाबांच्या वाढदिवसाला काय द्यायचं कळत नव्हतं, म्हणून कपाटातून चोरून पिशवीत घालून नेलं. म्हटलं, असं चमकवा की बाबांना ओळखू येऊ नये. ते म्हणाले, एल्डनला देतो."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "तीन आठवडे?"

"तीन आठवडे कशाला. चोपन्न वर्षं."

मग तिने बाकीचं सांगितलं. मुठीच्या पाठीवर आजोबांचं नाव होतं, हाल्व्होर, बर्फात अडकले असताना त्यांनी खिळ्याने कोरलेलं. वाढदिवसाच्या दिवशी सिगने फडकं सोडलं, अंगठा पाठीवरून फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. आणि म्हणाला, छान झालंय गं. त्यानंतर तो अंगठा तिथे फिरवायचा ते तिने आयुष्यभर बघितलं. का फिरवतो ते तिला तीस वर्षांनी कळलं. तेव्हाही त्याने कोणाला सांगू दिलं नाही. पोराने मनापासून केलंय, म्हणाला, त्याला कशाला दुखवायचं.

"मग मृत्युपत्रात माझं नाव?" मी म्हटलं.

व्हर्ना म्हणाली, "बाबांनी तुझी भिंत पाहिली होती. एकदाच, टिमन्सबाई रडत आमच्या घरी आल्या होत्या तेव्हा बाहेरून खिडकीतून बघून आले. मग म्हणाले, एल्डन किंमत खरी सांगतो, कोणाला सोडत नाही. स्वतःला सोडतो का ते बघू."

 लाइलने रिव्हॉल्व्हर उचललं, खिडकीकडे धरलं, नळीत बघितलं. आतून नव्हे, बाहेरून, चकचकीत पोलादात. एकाहत्तरमध्ये तो सातएक वर्षांचा असेल. म्हणाला, "त्या दिवशी बाबांनी मला मांडीवर घेऊन यात तोंड दाखवलं होतं. मला वाटायचं, ते आजोबांच्या वेळेपासून असंच आहे." मग बहिणीला म्हणाला, "नऊशे. धनादेश चालेल." वकीलबाईंनी कागद पुढे केला.

मी पट्ट्या बसवल्या. स्क्रूच्या खाचेतून पेचकस घसरू दिला नाही.

४ एप्रिल

सकाळी भिंतीवर जागा केली. सगळ्यात वर, टिमन्सच्या वर. त्याचा फोटो एक घर खाली आला. चिठ्ठी लिहिली: 'स्टॉर्डालची कोल्ट. मूळ पाणी घालवलं, कडा गोल केल्या, हाल्व्होर स्टॉर्डालचं नाव पुसलं. एल्डन ब्रेक्के, १९७१.'

व्हर्ना फोटो द्यायला आली होती. चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "माझं नाव घाल."

"भिंत काम करणाऱ्यांची आहे. सांगणाऱ्यांची घालायला लागलो तर छत पुरणार नाही."

तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली स्वतः लिहिलं. 'सांगितलं व्हर्नाने.' अक्षर माझ्याहून चांगलं.

हॉबर्टने दुपारपर्यंत गावभर केलं. तीस वर्षं टपाल वाटून त्याची सवय सुटलेली नाही. आज अकरा माणसं आली, त्यातल्या एकानेही काही विकत घेतलं नाही. दोघांनी फोटो काढले. एकाने विचारलं, हा ब्रेक्के अजून धंद्यात आहे का. म्हटलं, आहे, पण आता त्याला चाकापाशी जाऊ देत नाहीत.

चारच्या सुमाराला टिमन्सबाई आल्या. बारा वर्षांनी. हातमोजेही काढले नाहीत. सरळ मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि माझी चिठ्ठी वाचली, मग खाली नवऱ्याची. दोन्ही फोटोंकडे पुष्कळ वेळ बघत उभ्या राहिल्या. मी काउंटरमागेच होतो. मला वाटलं, आता म्हणतील, ऑर्व्हिलचं काढा. म्हणाल्या असत्या तर काढलं असतं की नाही, ते अजून सांगता येत नाही.

त्या म्हणाल्या, "ऑर्व्हिलचं काम याच्याहून बरं होतं."

मी चष्मा लावला, भिंग घेतलं आणि भिंतीपाशी गेलो. दोन्ही फोटो नीट पाहिले. त्याच्या कडा तितक्या खाल्लेल्या नव्हत्या. नळीवरची अक्षरं वाचता येत होती.

"हो," मी म्हटलं. "बरं होतं."